मामाजींसाठी साखरेचा सेन्सर घ्यायचा आहे : खेड्यात कोणता चालेल?

धानाची_सून · ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

नमस्कार. माझ्या सासऱ्यांसाठी दंडाला लावायचा साखरेचा सेन्सर घ्यायचा विचार आहे. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. वय ६७, मधुमेह जुना. मिक्स इन्सुलिन ३०/७० सकाळ-संध्याकाळ आणि सोबत मेटफॉर्मिनची गोळी. धानाची शेती आहे. अजूनही रोज बांधावर जातात, रोवणीच्या दिवसांत तर घरी जेवायलाही वेळेवर येत नाहीत.

अडचण अशी की आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तीन महिन्यांची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, ६.४ आली. डॉक्टर म्हणाले, छान आहे. पण घरच्या बोट टोचून बघायच्या मशीनवर उपाशीपोटी कधी २१०, कधी २३० येते. आणि मध्यंतरी काही वेळा पहाटे ते घामानं ओलेचिंब झालेले, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध, असं सापडले. सासूबाई साखरेचं पाणी पाजतात, वरून गुळाचा खडा आणि बिस्किटं देतात. पाव तासात माणूस ठीक होतो. पण एखाद्या रात्री कुणाला जाग आली नाही तर, या विचारानं मला झोप लागत नाही.

मामाजींकडे बटनांचा साधा फोन आहे. स्मार्टफोन माझ्याकडे. नेटवर्क अंगणात येतं, आतल्या खोलीत नाही. उन्हाळा आमच्याकडे कसा असतो ते सांगायला नको. दर पंधरवड्याला पाच हजार खर्च करणं झेपणार नाही, हे आधीच सांगते. ज्यांनी वापरलाय त्यांनी मोकळेपणानं लिहावं.

औषधीवाला_वणी · जि. यवतमाळ

ताई, कंपनीचं नाव शेवटी. आधी प्रकार समजून घ्या, कारण दुकानात येणारे निम्मे लोक एक समजून दुसरंच मागतात.

पहिला प्रकार डॉक्टरांचा. लिब्रे प्रो हे त्यातलं चालणारं नाव. दंडाला लावतात, १४ दिवस दर पंधरा मिनिटांनी नोंद होत राहते, पण रुग्णाला आकडा दिसत नाही. शेवटी डॉक्टर त्यांच्या यंत्रावर वाचतात आणि आलेख काढून देतात. फोन लागत नाही, नेटवर्क लागत नाही. औषध बसवायला चांगला. पण रात्री साखर पडली तर तो कुणाला उठवणार नाही.

दुसरा स्कॅनवाला. पहिली फ्रीस्टाइल लिब्रे अशी आहे. फोन किंवा तिचं छोटं वाचनयंत्र दंडाजवळ धरलं की आकडा आणि मागच्या ८ तासांचा आलेख दिसतो. म्हणून ८ तासांच्या आत एकदा तरी स्कॅन करावं लागतं, नाही तर मधली नोंद पुसली जाते. अलार्म नाही. फोनवर करायचं तर फोनमध्ये एनएफसी, म्हणजे जवळ धरून वाचायची सोय, पाहिजे, आणि स्वस्तातल्या पुष्कळ फोनांत ते नसतं. घेण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बघा.

तिसरा सतत आकडा पाठवणारा, ब्लूटूथचा. साखर ठरवलेल्या रेषेखाली गेली की अलार्म वाजतो. लिब्रे २ प्लस यात येते, ती १५ दिवसांची. मेडट्रॉनिकचा गार्डियन यातलाच, पण त्याचा सेन्सर ३ हा ७ दिवस चालतो आणि दर १२ तासांनी बोट टोचून आकडा भरावा लागतो. डेक्सकॉम या कंपनीच्या सेन्सरचं नाव इंटरनेटवर फार दिसतं, पण ज्याचं बदली सेन्सर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर मिळत नाही, ते खेड्यातल्या माणसानं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

आणखी एक. मे महिन्यात सेन्सर कुरिअरनं मागवू नका. तापलेल्या गाडीत तो डबा दोन-तीन दिवस पडून असतो. साठवणीचं तापमान डब्यावर छापलेलं असतं, ते आणि मुदतीची तारीख बघून ओळखीच्या दुकानातून घ्या.

कास्तकार_दर्यापूर · जि. अमरावती

म्या लावला व्हता, म्हनून सांगतो. मले इन्सुलिन नाही, गोयाच हायेत. डॉक्टरनं म्हटलं एकडाव लावून पाहू, तुमाले काय खाल्ल्यानं काय होते ते तुमच्याच डोयानं दिसन.

अन् दिसलं बापा. मले वाटे जवारीची भाकर खाल्ली म्हंजे झालं, साखरेचं भेव नाही. तीन भाकरी वरणासंगं खाल्ल्या तं आकडा २२० च्या वर गेला. दीड भाकर, आधी मेथीची भाजी, मांगून वरण, असं केलं तं १६० च्या आसपास थांबला. भाकर तेच, जवारी तेच. सकायी चौकातले पोहे-तर्री खाऊन वरून गोड चहा घेतला तं दोन घंटे आकडा खालीच येईना. जेवल्यावर वावरात एक फेरी मारली का उतरला. डॉक्टर हेच सांगत व्हते पाच वर्षांपासून, पन आलेख पाह्यला तवा पटलं.

आता उन्हाची गोठ. घामानं चिकटपट्टी कडेकडेनं उचकते. दंडावरचे केस काढून, साबनानं धुऊन, पुरा वायल्यावरच लावून घ्या. वरून मेडिकलवाली चिकटपट्टी लावा, पन मधातलं बारकं भोक झाकू नका. फवारनीचा पंप पाठीवर घेतानी पट्टा घासते, म्हनून म्या डाव्या दंडाले जरासा मांगच्या अंगानं लावून घेतला अन् पट्टा उजवीकून पहिले चढवे. आंघोयीनं काही होत नाही.

पुन्हा नाही लावला. मले जे पाहाचं व्हतं ते दिसलं. आता फकस्त मशीन.

लेकीची_आई · वरुड तालुका

धानाची सून ताई, तुमचं लिहिलेलं वाचून गलबललं. माझ्या मुलीला टाइप १, म्हणजे इन्सुलिनशिवाय चालतच नाही असा मधुमेह, आहे, सातव्या वर्षी निघाला. पहाटेचा तो घाम मला माहीत आहे.

मी सरळ सांगते, तुमच्या मामाजींना अलार्मवालाच हवा. बाकी दोन्ही प्रकार दिवसा उपयोगाचे, तुमचा प्रश्न रात्रीचा आहे. अलार्म ७० वर न ठेवता ८० वर ठेवा. कारण सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यातली मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला ५ ते १५ मिनिटं जातात. साखर भराभर पडत असेल तर सेन्सर ७८ दाखवेल तेव्हा रक्तात ६५ असू शकते. म्हणून आकड्याइतकंच साखर वर चालली की खाली ते दाखवणाऱ्या शेजारच्या बाणाकडे लक्ष द्यायचं. बाण सरळ खाली असेल तर ११० लाही मी मुलीला उठवते.

साखरपाणी दिल्यावर उलटं होतं. रक्तात साखर चढलेली असते आणि सेन्सर अजून खालीच दाखवतो. तेव्हा घाबरून पुन्हापुन्हा गोड देत बसायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, मग बोट टोचून बघायचं. ७० च्या खालीच असेल तरच पुन्हा तेवढंच. बिस्किट आणि चॉकलेट त्या क्षणी नको, त्यातल्या तुपातेलानं साखर उशिरा चढते.

सेन्सर असला तरी मशीन आणि रक्ताचा थेंब घ्यायच्या तिच्या पट्ट्या घरात हव्यातच. पहिले २४ तास सेन्सरचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो. आणि मूल त्या दंडावर दाबून झोपलं की खोटा खालचा आकडा येतो, कूस बदलली की वर येतो.

हिशोबी_मास्तर · आर्वी, जि. वर्धा

मी वेगळं मांडतो, राग मानू नये. एक सेन्सर पाच हजारांचा धरला तर वर्षाला २६ लागतील, म्हणजे १ लाख ३० हजार. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्या घरात हा आकडा बोलायचाच नाही. त्याच पाच हजारांत वीस रुपयांची एक याप्रमाणे २५० पट्ट्या येतात. रोज चार वेळा बोट टोचलं तरी दोन महिने निघतात. रात्री तीनला गजर लावून एक टोचणी घेतली की ताईंच्या प्रश्नाचं उत्तर याच आठवड्यात मिळेल.

सेन्सर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शहरात निरोगी तरुणसुद्धा हौसेनं लावतात, ते पाहून आपल्याकडे बायकोचे दागिने मोडून कुणी घेऊ नये, एवढंच.

लेकीची_आई · वरुड तालुका

मास्तर, गोळ्यांवर असलेल्या माणसाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण रोज चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते लागू होत नाही. चार टोचण्यांच्या मधले सहा-सहा तास आईबापानं कसे काढायचे? माझी मुलगी शाळेत जाते, कबड्डी खेळते, खेळलेल्या दिवशी साखर मध्यरात्रीनंतर पडते. ती झोपेत सांगणार नाही. तिच्यासाठी आम्ही दुसरे खर्च थांबवलेत आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. जिथे पैसा लावायचाच तिथे तो टाइप १ च्या मुलांसाठी आणि इन्सुलिनवर असलेल्या गर्भार बायांसाठी आधी लागला पाहिजे. सरकारनंही तिथूनच सुरुवात करावी.

कुणाच्या घरी टाइप १ चं मूल असेल आणि इन्सुलिनचेच वांधे असतील तर नागपूरच्या ड्रीम ट्रस्टमध्ये जा. गरीब घरच्या अशा मुलांसाठीच ते काम करतात.

धानाची_सून · ब्रह्मपुरी तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरकाका, राग कशाचा, तुमचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. आज रात्रीपासून तीनचा गजर लावते.

एक विचारायचं राहिलं. मामाजींच्या सख्ख्या भावाच्या दोन नातवंडांना सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, आहे, एकाला त्यासाठी रोज हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे. मामाजींची ती तपासणी कधीच झालेली नाही. याचा साखरेच्या रिपोर्टशी काही संबंध असतो का? शेजारच्या सिस्टरताई म्हणाल्या, असतो.

गडचिरोलीतला_डॉक्टर · जि. गडचिरोली

सिस्टरताई बरोबर बोलल्या. हा धागा मी सकाळपासून वाचतो आहे, थोडं सविस्तर लिहितो. हे तुमच्या डॉक्टरांना दाखवा. इथे वाचून इन्सुलिनचा डोस परस्पर बदलू नका.

एचबीए१सी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्या आकड्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी काढता येते. ६.४ म्हणजे सरासरी सुमारे १३७. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी काही आठवड्यांतच फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. त्यांच्यासाठी ही तपासणी भरवशाची नाही. वाहक, म्हणजे एएस (आईबापांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलेला), असेल तर पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगते. तिथे फरक थोडा असतो आणि प्रयोगशाळा कोणत्या पद्धतीनं तपासते यावरही तो ठरतो. उलट लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सी खोटा जास्त येऊ शकतो, आणि आपल्या बायांमध्ये तो किती आहे हे मी सांगायला नको. पूर्व विदर्भात साखरेचा रिपोर्ट हातात घेताना ‘घरात सिकल कुणाला आहे का’ हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. मामाजींची आणि घरातल्या सगळ्यांचीच करून घ्या.

अशा घरात सेन्सरला खरी किंमत येते, कारण तो लाल पेशींवर अवलंबून नाही. १४ दिवसांची नोंद असली, त्यातला किमान ७० टक्के वेळ सेन्सर चालू असला, की त्यावरून काढलेली सरासरी औषध ठरवायला पुरते.

त्या नातवंडाबद्दल एक सूचना लिहून ठेवा. पुढेमागे त्याला मधुमेह निघाला तर हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याला डेक्सकॉम किंवा मेडट्रॉनिकचे सेन्सर खोटा जास्त आकडा दाखवतात. तो पाहून इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतेल. गार्डियन सेन्सर ३ वर पॅरासिटामॉलनंही आकडा वर जातो. लिब्रेवाल्यांनी व्हिटॅमिन सी च्या जोरदार गोळ्यांची चौकशी करावी. कोणती औषधं चालू आहेत ते विकणाऱ्याला सांगितल्याशिवाय सेन्सर घेऊच नये.

आता मामाजी. मला उपाशीपोटीच्या २३० पेक्षा त्या पहाटेची जास्त काळजी वाटते. ३०/७० मधला ७० टक्के भाग हळू चालणारा आहे. संध्याकाळी सातला दिलेलं इन्सुलिन मध्यरात्रीच्या पुढेमागे जोर धरतं. दिवसभर चिखलात राबलेलं शरीर, थकून अर्धवट जेवण, आणि वरून तो जोर. साखर पडते. मग घाबरून गूळ, बिस्किटं, साखरपाणी सगळं एकदम. सकाळी मशीनवर २३०. तो एकटा आकडा दाखवला तर कुणीही डॉक्टर रात्रीचा डोस वाढवेल आणि पुढची रात्र अजून वाईट जाईल. ज्या सकाळी आकडा जास्त आला, त्याच्या आदल्या रात्री काय झालं होतं, हे वहीत लिहायला सुरुवात करा.

आणखी दोन गोष्टी आजच बघा. इन्सुलिन ठेवता कुठे? फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूत छोटं भांडं ठेवून त्यात, घरातल्या गार कोपऱ्यात. तापलेल्या फळीवर ठेवलेलं इन्सुलिन हळूहळू मरतं, आणि नवी बाटली फोडली की तोच डोस एकदम जड जातो. दुसरं, ६७ वर्षांच्या, एकट्यानं शेतावर जाणाऱ्या आणि साखर पडणाऱ्या माणसासाठी ध्येय सैल ठेवायचं असतं. ७० ते १८० च्या मधे निम्म्याहून जास्त वेळ पुरे, पण ७० च्या खाली १ टक्क्यापेक्षा कमी, म्हणजे दिवसात जेमतेम पंधरा मिनिटं. तरुण माणसाला आपण मधे ७० टक्क्यांहून जास्त आणि खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी असं सांगतो, तो मापदंड इथे नको.

आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८.

औषधीवाला_वणी · जि. यवतमाळ

डॉक्टरसाहेबांच्या यादीत सिरिंजची भर घालतो. बाटलीवर ४० युनिट आहे की १०० ते वाचा. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं भरलं तर अडीच पट जातं. २० च्या रेषेपर्यंत भरलं की ५० युनिट पोटात. ताई, मामाजींची बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून एकदा बघाच.

पुण्यात_मोर्शीकर

माझे आईवडील गावी, मी इथे. आईला अलार्मवाला सेन्सर आहे, मला इथून तिचा आकडा दिसतो. ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावं की सेन्सर ते फोन हे काम ब्लूटूथवर होतं, त्याला नेट लागत नाही. अलार्म घरात वाजतो, टॉवर असो वा नसो. पण तो आकडा मला दिसायचा तर आईच्या फोनला नेट हवं आणि माझ्याही. गावात वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो आणि माझ्याकडे रेष तुटते. म्हणून माझ्या भरवशावर घरातल्यांनी झोपू नये, हे मी बाबांना बजावून ठेवलं आहे.

फोन सेन्सरपासून पाच-सहा मीटरच्या आत हवा, मधे भिंत नको. आमच्याकडे बाजेच्या उशाशी ठेवतात. बॅटरी वाचवण्याची सेटिंग त्या अ‍ॅपसाठी बंद करा, नाही तर फोन मध्यरात्री अ‍ॅप झोपवतो आणि अलार्म वाजत नाही. रात्री फोन ‘शांत’ ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडा.

कास्तकार_दर्यापूर · जि. अमरावती

लोडशेडिंगच्या टायमाले फोन भरून ठेवाचा, हेबी लिहा न भाऊ. अन् सेन्सर बिघडला तं फेकू नका. आमच्या इकडच्या एकाचा चवथ्या दिवशीच बंद पडला. त्यानं डबा जपून ठेवला व्हता, त्यावरचा नंबर कंपनीले फोन करून सांगतला, तं बदलून भेटला.

धानाची_सून · ब्रह्मपुरी तालुका

थोडे दिवस लिहायला जमलं नाही, आता सगळं सांगते.

रात्री तीनला गजर लावून टोचणी घेतली. शेतावर न गेलेल्या दिवशी १४०, १५५ असं आलं. पऱ्हे (धानाची रोपं) काढायला गेले त्या रात्री ५८. हात थरथरत नव्हते, घामही नुकताच सुरू झालेला. मी उठवलं नसतं तर कळलं नसतं. तीन चमचे साखर दिली, सासूबाईंना गुळाचा डबा आणू दिला नाही, पंधरा मिनिटांनी ९६. त्या सकाळी उपाशीपोटी १३० आली, नेहमीचे दोनशे-सव्वादोनशे आले नाहीत.

सिरिंज बरोबर निघाली. इन्सुलिन मात्र चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या कोनाड्यात होतं. आता मडक्यात आहे. सिकलची तपासणी झाली, मामाजी एएस वाहक आहेत. माझ्या नवऱ्याची आणि मुलांचीही करून घेतली.

वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट वाचली. रात्रीचा डोस कमी केला, संध्याकाळचं इन्सुलिन ताट वाढायची तयारी झाल्यावरच द्यायला सांगितलं आणि अलार्मचा सेन्सर लावायला हो म्हणाले. एकच, दर पंधरवड्याला नाही. रोवणीच्या ऐन दिवसांत लावायचा, कारण धोका त्याच दिवसांत. फोन माझा, बाज मधल्या खोलीत आणली.

आलेख आला तो असा. ७० ते १८० च्या मधे ५८ टक्के, ७० च्या खाली २ टक्के. सरासरी १७१, आणि त्यावरून काढलेला अंदाजे एचबीए१सी ७.४. प्रयोगशाळेचा ६.४ होता. दुपारच्या भातानंतर रोज २५० च्या पुढे जातं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण दुपारी कधी टोचलंच नव्हतं. अलार्म दोन रात्री वाजला. दोन्ही वेळा ते दिवसभर धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, होते. मामाजी आता स्वतः विचारतात, ‘बाई, आज बाण कुठे आहे?’

हिशोबी_मास्तर · आर्वी, जि. वर्धा

ताई, छान केलंत. वही, गजर आणि मग मोक्याच्या दिवसांत एक सेन्सर, हा हिशोब कुठल्याही कास्तकाराच्या घराला बसेल. आमच्या गावात चार-पाच इन्सुलिनवाले आहेत, त्यांना तुमचं हे सगळं वाचून दाखवणार आहे.

गडचिरोलीतला_डॉक्टर · जि. गडचिरोली

२ टक्के अजून १ च्या खाली यायचे आहेत, तेव्हा आलेख घेऊन एकदा पुन्हा जा. शेतावर जायच्या दिवसाचा आणि घरी असायच्या दिवसाचा डोस वेगळा ठेवायचा का, हे थेट विचारा. मामाजींच्या खिशात साखरेची पुडी कायम असू द्या, आणि सोबत राबणाऱ्या माणसांना ती कशासाठी आहे ते सांगून ठेवा.

दुपारच्या २५० ची घाई नको. आधी रात्र नीट बसू द्या. मग भात निम्मा, आधी भाजी आणि तुरीचं घट्ट वरण, जेवल्यावर लगेच आडवं न होणं. दर्यापूरच्या भाऊंनी भाकरीबद्दल लिहिलं ते भातालाही लागू आहे. सकाळचा डोस बदलायचा का, ते त्यानंतर ठरेल. दोघा वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलचं रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून मुलांचे रिपोर्ट जपून ठेवा.

नवीन_सदस्य_तुमसर · जि. भंडारा

माझ्या बाबांना परवाच सेन्सर लावला आणि उद्या छातीचा एक्स-रे सांगितला आहे. लावलेला चालेल का?

औषधीवाला_वणी · जि. यवतमाळ

लिब्रेच्या जुन्या माहितीपत्रकांत एक्स-रे, सीटी आणि एमआरआयच्या आधी सेन्सर काढायला सांगितलं होतं, नव्या प्रकारांचं वेगळं असू शकतं म्हणून तुमच्या डब्यातला कागद आधी बघा, आणि एकदा काढलेला पुन्हा लावता येत नाही. एक्स-रे तातडीचा असेल तर सेन्सरकडे बघू नका, काढा आणि जा. नेहमीच्या तपासणीचा असेल तर डॉक्टरांना विचारून सेन्सरची मुदत संपल्यावरची तारीख घ्या. तुमचा दुसऱ्या कंपनीचा असेल तर डब्यातला कागद वाचा किंवा त्याचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.